शित्झू आणलाय ना घरी, मग केसांच्या आधी डोळे बघा

आधी प्रश्न काय आहे ते सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात वाकडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरी सासूबाई, आणि मागच्या आठवड्यात अडीच महिन्यांचं शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंय. आंघोळ किती दिवसांनी घालायची, उन्हाळ्यात केस झिरो करायचे का, एसी चोवीस तास लागतो का, सासूबाई दूध-पोळी देतात ते चालेल का, आणि डोळ्यांखाली तांबूस डाग पडलेत त्यावर कुठली पावडर लावायची. मी पुण्यातच लहान प्राण्यांची डॉक्टर आहे, आणि हल्ली फ्लॅटमधले जे कुत्रे क्लिनिकला येतात त्यात शित्झू भरपूर, म्हणून जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

पाचातले तीन प्रश्न दिसण्याचे आहेत बघा. यात तुमचं काही चुकलं नाही, शित्झू घेताना माणूस केसांनाच भुलतो. पण या जातीचं सगळं दुखणं त्या केसांच्या आड असतं. डोळा केसाआड, दात केसाआड, गोचीड केसाआड, वाढलेलं वजनही केसाआडच. महिन्यातून एकदा ग्रूमरकडे जाऊन हजार-दीड हजार दिले की काळजी घेतली असं होत नाही, रोज पाच-सात मिनिटं घरातल्याच कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपून बघायला पाहिजे. एवढं जमलं तर बाकी हा कुत्रा सांभाळायला खरंच सोपा आहे, फ्लॅटला सूट होतो, उगाच भुंकत नाही, माणसांचा तर प्रचंड लोभी.

तर डोळे. शित्झूचं तोंड चपटं त्यामुळे डोळ्याची खोबण उथळ, आणि डोळा बाहेर आल्यासारखा असतो. बरेच शित्झू झोपेत डोळे पूर्ण मिटतच नाहीत, मध्ये फट राहते आणि बुबुळाचा मधला भाग कोरडा पडतो. त्यात नाकावरचे केस वर वाढून डोळ्यात टोचतात, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचं बुबुळ तसं कमी संवेदनशील असतं म्हणजे इतर कुत्रा जिथे केकाटेल तिथे हा नुसता एक डोळा बारीक करून बसतो. घरच्यांना वाटतं झोप आलीय. दुसऱ्या दिवशी डोळ्यातून पाणी, तिसऱ्या दिवशी निळसर ढग, आणि मग आमच्याकडे येतात. आम्ही डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा केशरी रंग टाकतो, पाण्याने धुतो आणि निळा लाइट मारतो, जिथे बुबुळ सोललंय तिथे झगझगीत हिरवा डाग उठून दिसतो. वरवरची जखम असेल तर औषधाने आठवड्याभरात भरते पण खोल गेली की बुबुळाला भोक पडायलाही वेळ लागत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा, बाकी उत्तर विसरलात तरी चालेल. एक, शित्झूचा एक डोळा बारीक झाला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. दोन, घरातले माणसांचे डोळ्याचे थेंब घालायचे नाहीत. आपल्याकडे प्रत्येक फ्रीजमध्ये एक अर्धी बाटली असते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची वगैरे, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. जखम असलेल्या बुबुळावर स्टिरॉइड गेलं की जखम भरणं थांबतं आणि बुबुळ अक्षरशः विरघळायला लागतं. हे मी दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात बघते आणि दर वेळी घरचे म्हणतात मेडिकलवाल्याने चालेल सांगितलं.

आणखी एक, ऐकायला वाईट वाटेल पण माहीत असू द्या. मोठ्या कुत्र्याशी भांडण झालं, मानेची कातडी जोरात ओढली गेली, तर शित्झूचा डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. आलाच तर आत ढकलायला जाऊ नका, सलाइन किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचं साधं सलाइन सोल्यूशन टाकून ओल्या गॉजने झाका, हात लावू देऊ नका आणि गाडीत बसा. पहिल्या काही तासांत आलात तर डोळा वाचवायचा चान्स असतो.

आता तांबूस डाग. अश्रूंमध्ये पॉरफिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, अश्रू नळीतून नाकात न उतरता गालावर ओघळले की ते केसांवर हवा लागून तपकिरी होतं. चपट्या तोंडामुळे ही नळी वाकडी-तिकडी असते, त्यामुळे थोडेफार डाग शित्झूला असणारच, आणि चार ते सहा महिन्यांत दात बदलताना वाढतातसुद्धा. रोज दोनदा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसायचं, आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि नंतर कोरडं करायचं कारण ओलं राहिलं की तिथे यीस्ट वाढतं आणि वास मारतो. बोरिक पावडर नको. खायला द्यायच्या डाग घालवायच्या पावडरीही नको, त्यातल्या काहींमध्ये टायलोसिन नावाचं अँटिबायोटिक असायचं, २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यावरून कंपन्यांना इशारा दिला होता. नुसता डाग असेल तर तो दिसण्याचा प्रॉब्लेम आहे. पण डाग अचानक वाढले किंवा एकाच बाजूला आले, किंवा पाण्याऐवजी चिकट पिवळी चिपडं यायला लागली तर तपासून घ्या. चिकट चिपडं म्हणजे कित्येकदा डोळा कोरडा पडल्याचं लक्षण असतं, कागदाची एक छोटी पट्टी पापणीत एक मिनिट धरून आम्ही अश्रू मोजतो, सोपी टेस्ट आहे.

केस. शित्झूचे केस आपल्या केसांसारखे वाढत राहतात, गळणारे केस खाली पडण्याऐवजी त्याच्याच अंगात अडकतात. म्हणून घरात केस दिसत नाहीत आणि म्हणूनच गुंता होतो. बहुतेक लोक वरून ब्रश फिरवतात, वरून रेशमासारखं दिसतं आणि खाली कातडीजवळ नमदा तयार झालेला असतो. बरोबर पद्धत अशी की पिल्लाला कुशीवर झोपवा, डाव्या हाताने केस वर उलटे धरा म्हणजे खालची कातडी दिसली पाहिजे, मग सगळ्यात खालची बोटभर पट्टी सोडा आणि ती मुळापासून टोकापर्यंत विंचरा, ती झाली की वरची पट्टी, असं पोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत यायचं. शेवटी स्टीलचा कंगवा फिरवायचा, तो कातडीपासून टोकापर्यंत कुठे न अडकता आला तरच झालं म्हणायचं. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि हार्नेस घासतो तिथे गुंता आधी होतो. गुंता सापडला तर थोडं कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी बाहेरच्या टोकाकडून हळूहळू सोडवा, कात्री लावू नका. गुंत्यात कातडी वर ओढली जाते आणि ती तंबूसारखी उभी राहिलेली कातडी केसांबरोबर कापली जाते, मग टाके. रविवारी सकाळी असे टाके घालायला कुणी ना कुणी येतंच.

साधारण दहा-बारा महिन्यांचा झाला की पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस यायला लागतात, त्या दोन-तीन महिन्यांत एक दिवस विंचरलं नाही तरी गुंता होतो. बरेच लोक तेव्हाच कंटाळून सगळं सफाचट करून आणतात.

झिरो कटबद्दल माझं स्पष्ट मत आहे, करू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, त्यामुळे कातडीपर्यंत भादरल्याने वाटतो तसा फायदा होत नाही, उलट ऊन थेट कातडीला लागतं आणि मशीनने कापलेल्या जागी पुरळ येतं. इंच-सव्वा इंच केस ठेवून सगळीकडून सारखा कट, ज्याला ग्रूमर पपी कट म्हणतात, तो आपल्या हवेला उत्तम. पोटावरचे केस मात्र अगदी बारीक केले तर हरकत नाही, गार फरशीवर पोट टेकून पडतो तेव्हा बरं वाटतं त्याला. पंजाच्या गाद्यांमधले आणि शीच्या जागेभोवतीचे केस दर महिन्याला कापून घ्या नाहीतर टाइल्सवर घसरतो आणि शी चिकटून बसते.

आंघोळ दोन ते तीन आठवड्यांनी पुरे. आंघोळीआधी विंचरायचं, नंतर नाही, कारण पाणी लागलं की गुंता आणखी घट्ट बसतो. शाम्पू कुत्र्यांचाच. आणि मुळापर्यंत वाळवायचं, ड्रायर कोमट, हात मध्ये धरून. पुण्या-मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्धवट ओला शित्झू म्हणजे पंधरा दिवसांत खाज, तेलकट वास आणि लाल काखा ठरलेल्या. कानही आतून बघा, लोंबते कान आणि आत केस, हवा जात नाही, त्यामुळे वास आला किंवा डोकं झटकायला लागला तर घरच्या घरी तेल घालत बसू नका.

एसीचं उत्तर, नाही, चोवीस तास लागत नाही. पण ऊन आणि दमटपणा या दोन्हीला हा कुत्रा कच्चा आहे हे खरं. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांब, त्यामुळे धापा टाकून उष्णता बाहेर टाकायची त्याची कपॅसिटीच कमी. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंखा, पडदे ओढलेले, गार फरशी, भरपूर पाणी, आणि खूपच उकडत असेल तर एसी २६-२७ वर. फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर, डांबरावर हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही. आणि ग्रूमरला नक्की विचारा की ड्रायर हाताने मारता की पिंजऱ्यात ठेवून, पिंजऱ्यातला गरम ड्रायर चपट्या तोंडाच्या कुत्र्याला धोक्याचा असतो. जीभ लालभडक किंवा जांभळट, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या असं दिसलं तर साध्या नळाच्या पाण्याने पूर्ण ओला करा, पंखा लावा आणि निघा, बर्फाचं पाणी नको. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की इमर्जन्सी समजा.

कधीकधी हा अचानक मान लांब करून घर्र घर्र असा उलटा श्वास ओढेल, पाच-पंचवीस सेकंद, घरातले सगळे घाबरतील. बहुतेक वेळा ती उलटी शिंक असते, गळा हलकेच चोळा, थांबते. वारंवार झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, क्लिनिकमध्ये आल्यावर तो शहाण्यासारखा बसतो आणि मला काहीच दिसत नाही.

आता सासूबाई आणि दूध-पोळी. भांडू नका, कारण दिवसभर पिल्लाजवळ त्याच असणार आहेत. पण हिशेब सांगा. पाच-सहा किलोचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, घरातच असणारा मोठा शित्झू दिवसाला साधारण ३०० ते ३५० कॅलरीत भागवतो. एक साधं ग्लुकोज बिस्किट वीस-पंचवीस कॅलरीचं, तूप लावलेली एक पोळी सव्वाशेच्या आसपास. म्हणजे चहाबरोबर चार बिस्किटं आणि दुपारी एक पोळी झाली की दिवसाचं निम्म्याहून जास्त खाणं संपलं आणि त्यात प्रोटीन जवळजवळ काहीच नाही. वर डॉग फूड मिळतंच. दोन वर्षांत नऊ किलो, आणि नऊ किलोच्या शित्झूला श्वासही लागतो आणि गुडघ्याची वाटीही सरकते. दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. सध्या चांगल्या कंपनीचं लहान जातींचं पपी फूड, दिवसातून चार वेळा विभागून, सहा महिन्यांनंतर तीनदा, वर्षानंतर दोनदा. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं अंडं, चिकन, भात, भोपळा चालतं पण कॅल्शियमचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्या, वाढत्या पिल्लाला नुसतं चिकन-भात पुरत नाही. घर शाकाहारी असेल तर उगाच वरण-भातावर प्रयोग करू नका, तयार फूडच द्या.

न चालणाऱ्या गोष्टींमध्ये चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या घरात खरा धोका मनुका-बेदाण्यांचा आणि कांद्या-लसणाचा. प्रसादाचा शिरा, त्यातल्या मनुका, आजी प्रेमाने भरवतात, आणि द्राक्षं-मनुकांनी कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते, किती खाल्ल्यावर होईल ते आधी सांगता येत नाही. शुगरफ्री गम-गोळ्यांतलं झायलिटॉलही तसंच जीवघेणं. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतोय म्हणून पेनकिलर, हे कृपा करून नको.

मी तर म्हणते विंचरायचं काम सासूबाईंकडेच द्या. दुपारी टीव्हीसमोर पिल्लू मांडीवर, हातात कंगवा. भरवण्याऐवजी विंचरणं हा लाडाचा मार्ग झाला की दोघांचंही भलं होतं, माझ्याकडच्या दोन-तीन घरांत हे मस्त जमलंय.

दातांकडे शित्झूवाले सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. पूर्ण वाढ झालेल्या कुठल्याही कुत्र्याला ४२ दात असतात आणि शित्झूच्या एवढ्याशा जबड्यातही ते ४२ दातच बसायचा प्रयत्न करतात, मग तिरके, दाटीवाटीने, मध्ये अन्न अडकतं. सहा-सात महिन्यांचा झाला की ओठ वर करून सुळे बघा, दुधाचा सुळा न पडता शेजारी नवीन आला असेल तर डबल दिसतो, तो नसबंदीच्या भुलीतच काढून घेतात. आत्तापासून बोटाला गॉज गुंडाळून हिरड्या चोळायची सवय लावा, मग कुत्र्यांची पेस्ट आणि मऊ ब्रश. आपली पेस्ट नाही.

गोचीड. फ्लॅटमध्ये राहतो, कुठून येणार असं म्हणू नका, सोसायटीच्या लॉनवरून येतात, जिन्यातून येतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघा, सुरुवातीला तिळाएवढी असते. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल वगैरे काही लावायचं नाही. आपल्याकडे गोचीड तापाचे, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसियाचे पेशंट वर्षभर येतात. खाणं सोडलं, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर ब्लड टेस्ट लगेच. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोचीडनाशक गोळी मिळते, वजनाप्रमाणे डॉक्टरच देतील, महाग वाटते पण प्लेटलेट्स पडल्यावरच्या बिलापेक्षा स्वस्त.

लसी: अडीच महिन्यांचं आहे म्हणजे पहिला डोस झालेला असायला हवा, पुस्तिकेवर बाटलीचं स्टिकर चिकटवलंय का बघा, नुसती पेनाने लिहिलेली तारीख मी धरत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, शेवटचा १६ आठवड्यांचा झाल्यावर, आणि तीन महिने पूर्ण झाले की रेबीज, मग दरवर्षी. लेप्टोस्पायरोसिसचा भाग त्यात आहे ना विचारा, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि उंदीर आपल्याकडे आहेतच. जंत-औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहापर्यंत दर महिन्याला. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या, रिक्षा, मिक्सर, ढोल, लहान मुलं, सगळं आत्ताच बघू दे.

बाकीचं पटकन सांगते. गळ्यात पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता, दोरी हार्नेसलाच. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, एक छोटी पायरी ठेवा. शू-शीसाठी पॅड एकाच जागी, उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर तिथे न्यायचं, तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांच्या वर धरू शकत नाही त्यामुळे चुकून दुसरीकडे केली म्हणून त्यात त्याचं नाक घासणं, ओरडणं बंद. मादी असेल आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी टाळू नका, उतारवयात गर्भाशयात पू होऊन रात्री-अपरात्री ऑपरेशनला येणाऱ्या बऱ्याच माद्या लहान जातींच्याच असतात. फक्त भूल देणाऱ्याला चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा अनुभव आहे ना आणि श्वासनलिकेत नळी घालूनच भूल देणार ना, हे विचारायला लाजू नका. विमानाने न्यायचा विचार असेल तर आधी एअरलाइनला विचारा, चपट्या तोंडाच्या जातींना बरेच जण नाही म्हणतात.

लघवीला वारंवार बसतोय आणि थेंबच येतोय, लघवीत रक्त आहे, तर शित्झूला खडे होतात हे लक्षात ठेवा, आणि नर असेल व लघवी पूर्ण बंद झाली असेल तर सकाळची वाट बघू नका.

पुढच्या व्हिजिटला तीन गोष्टी घेऊन जा: लसीची पुस्तिका, ताजी शी एका डबीत, आणि फूडच्या पाकिटाचा फोटो. आणि आज रात्री तो झोपला की मोबाइलचा टॉर्च लांबून धरून बघा, पापण्या पूर्ण मिटतात का. फट राहत असेल तर तेही सांगा डॉक्टरांना, रात्री लावायचं डोळ्याचं जेल मिळतं.